बाखचा ए मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो कसा बसवावा?

तारसप्तक

विवाल्दीच्या ए मायनरनंतर (ओपस ३, क्रमांक ६) पुढे काय वाजवावं असं विचारलं की बाखच्या ए मायनर कॉन्चेर्टोचं (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना; बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १०४१) नाव हमखास निघतं. सध्या मी तोच बसवतोय. तीन मूव्हमेंटपैकी (भागांपैकी) पहिली हातात आली आहे, दुसरी, संथ अँदान्ते, चालू आहे, शेवटच्या जलद अलेग्रो अस्साईला आता भिडायचं आहे. इथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो वाजवणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. आधी माझं मत मांडतो, प्रश्न शेवटी.

डाव्या हाताच्या दृष्टीने हा कॉन्चेर्टो फार अवघड नाही. बहुतेक काम पहिल्या ते तिसऱ्या पोझिशनमध्ये (डाव्या हाताच्या मानेवरच्या जागांमध्ये) होतं. विद्यार्थ्यांना तो लवकर दिला जातो तो यामुळेच, आणि अर्धवट शिकला जातो तोही यामुळेच. बोटं बसली म्हणजे कॉन्चेर्टो बसला असं धरून सगळे पुढे सरकतात. मला तर बोटं बसल्यावरच खरं काम सुरू झाल्यासारखं वाटतं. ते काम उजव्या हाताचं आहे आणि कानाचं आहे. कोणता ठोका जड, कोणता हलका, वाक्य कुठे संपलं, खाली बास (सगळ्यात खालची सुरावट) कुठे चाललाय, हे ठरवल्याशिवाय सिक्स्टीन्थ नोट्सची (पाव ठोक्याच्या स्वरांची) ती लांबलचक रांग नुसती शिवणयंत्रासारखी चालत राहते.

सुरुवातच बघा. ताल २/४. पहिला स्वर समेवर नाही, समेच्या आधीच्या अर्ध्या ठोक्यावर आहे. तिथून उडी घेऊन आपण समेवर येतो. तो आधीचा स्वर अप बोने (बो म्हणजे गज, तो वर ढकलत), हलका, आणि सम डाउन बोने (खाली ओढत), वजनदार. एवढी एक गोष्ट नीट जमली की पुढच्या २४ मापांच्या तुत्तीला (सगळा वाद्यवृंद एकत्र वाजवतो त्या भागाला) आपोआप चाल येते. दोन्ही स्वर सारख्या जोराने वाजवले की सगळा डौल जातो.

दुसरं म्हणजे या तुत्तीमध्ये एकल व्हायोलिन गप्प बसलेलं नसतं. ते पहिल्या व्हायोलिनांबरोबरच वाजतं. त्यामुळे आपला भाग २५व्या मापापासून सुरू होतो असं धरून थेट तिथून रियाज करू नये. तुत्तीमधला मजकूर पुढे तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या सुरांत परत येत राहतो आणि एकल भाग त्याच्याशी बोलत राहतो. मूळ वाक्य अंगात मुरलेलं नसेल तर ते बोलणं ऐकू येत नाही. परत येणाऱ्या तुत्तीवर कॉन्चेर्टो उभा करण्याची ही पद्धत विवाल्दीने घट्ट केली. त्याचा ओपस ३ हा १२ कॉन्चेर्टोंचा संच १७११ साली ॲम्स्टरडॅमला छापला गेला आणि वायमारमध्ये असताना बाखने त्यातले काही ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी उतरवून घेतले. म्हणून विवाल्दी आधी आणि बाख नंतर हा शिकण्याचा क्रम मला पटतो. विवाल्दीमध्ये सांगाडा स्वच्छ दिसतो. बाख त्याच सांगाड्यात आतले आवाज भरतो.

आता प्रश्न. छापील स्वरलिपीची प्रत कोणती वापरावी? अँदान्तेमध्ये व्हायब्राटो (बोटाने स्वर थरथरवणं) किती? जी शार्प (ए च्या लगेच खालचा स्वर) सुरात किती वर घ्यावा? आणि तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये उघड्या (बोट न ठेवलेल्या) ई तारेवरचा जो बॅरिओलाज (शेजारच्या दोन तारा आलटून पालटून वाजवणं) आहे त्याचा रियाज तुम्ही कसा करता?

ओघ

छान धागा. मी शिकवते, त्यामुळे प्रतीबद्दल आधी लिहिते, कारण बाकी बरंच काही त्यावर ठरतं.

या कॉन्चेर्टोच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बाखच्या हातचा स्कोअर हरवला, पण १७३०च्या सुमाराला लाइपझिगमध्ये तयार झालेले वादकांचे सुटे भाग टिकून आहेत आणि त्यातला काही मजकूर खुद्द बाखच्या हस्ताक्षरात आहे. ई मेजर कॉन्चेर्टोचे (बीडब्ल्यूव्ही १०४२) असे भाग उरलेले नाहीत, तिथे नंतरच्या नकलांवर अवलंबून राहावं लागतं. म्हणजे ए मायनरमध्ये स्लर (एकाच बोत स्वर जोडण्याची खूण) कुठे आहे आणि कुठे नाही हे खात्रीने सांगता येतं. बेरेनरायटर किंवा हेन्ले या प्रकाशकांची उर्टेक्स्ट (मूळ मजकुराशी ताडलेली) प्रत घ्या. पहिल्या मूव्हमेंटवर काही प्रतींत ‘अलेग्रो मोडेराटो’ छापलेलं असतं, ते बाखचं नाही. त्याने तिथे वेगाचा शब्दच लिहिलेला नाही.

जुन्या विद्यार्थी-प्रतींत प्रत्येक ओळीत क्रेशेंडो (आवाज वाढवण्याच्या खुणा) आणि लांब स्लर भरलेले असतात. त्या प्रती करणारे वादक मोठे होते आणि त्यांचं फिंगरिंग बघण्यासारखं असतं, पण त्यांचा स्लर आणि बाखचा स्लर शेजारी ठेवून बघितल्याशिवाय विद्यार्थ्याला कळत नाही की कोण बोलतंय. विवाल्दीच्या ए मायनरमध्ये तर हे फारच ठळक आहे. सुझुकी या व्हायोलिन शिकवणाऱ्या मालिकेच्या चौथ्या पुस्तकातली प्रत तिवादार नाचेझ या व्हायोलिनवादकाच्या संपादनावर आधारलेली आहे. ती मूळ छापील मजकुराशी ताडून पाहिली तर स्लर, आवाजाच्या खुणा आणि काही ठिकाणी चक्क स्वरही वेगळे निघतात. हे ताडून बघणं मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेते. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या छापील प्रती मोफत मिळतात.

व्हायब्राटोबद्दल इतर लिहितीलच.

नवी_वाट

मी मोठेपणी शिकायला लागले. विवाल्दीचा ए मायनर आत्ताच संपवला. लगेच बाख घ्यावा का? तिसरी पोझिशन येते, पण पोझिशन बदलताना अजून विचार करावा लागतो.

ओघ

नवी_वाट, सुझुकी मालिकेत विवाल्दी चौथ्या पुस्तकात आहे आणि हा बाख सातव्यात. मध्ये पाचव्यात विवाल्दीचा जी मायनर आणि बाखच्या डबल कॉन्चेर्टोचा पहिला व्हायोलिन भाग येतो, सहाव्यात कोरेल्लीची ‘ला फोलिया’ आणि हँडेलचे सोनाटा. सगळं वाजवलंच पाहिजे असं नाही, पण हँडेलचा एक तरी सोनाटा मध्ये घ्याच. संथ मूव्हमेंटमध्ये एक स्वर शेवटपर्यंत जिवंत ठेवायला तिथे शिकता येतं, आणि बाखच्या अँदान्तेमध्ये नेमकं तेच लागतं. तोपर्यंत बाखची पहिली तुत्ती रोज वाजवायला काहीच हरकत नाही. ती पहिल्या पोझिशनवाल्यालाही आनंद देते.

जुनीतार

व्हायब्राटोवर लिहितो. बरोक (बाखच्या काळचं संगीत) म्हणजे व्हायब्राटो बंद, असा एक सोपा नियम सांगितला जातो, आणि तो त्या काळच्या लिखाणाशी जुळत नाही. व्हायोलिनवादक जेमिनियानीने १७५१ साली लंडनला छापलेल्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात व्हायब्राटो जितका जास्त वापरता येईल तितका वापरावा असं सांगितलंय. पाचच वर्षांनी, १७५६ साली, लिओपोल्ड मोत्सार्टने (प्रसिद्ध मोत्सार्टच्या वडिलांनी) प्रत्येक स्वर सतत थरथरवणाऱ्या वादकांना कायमचा ताप चढलाय की काय असं वाटतं, अशा अर्थाचं लिहिलं. म्हणजे तेव्हाही मतभेद होते! दोघांनाही व्हायब्राटो माहीत होता. वाद फक्त तो कुठे आणि किती याचा.

मी अँदान्तेमध्ये तो अलंकारासारखा वापरतो. लांब स्वर सरळ सुरू करायचा, बो त्याला फुगवेल तेवढं फुगू द्यायचं, मग हवा तर शेवटाकडे थोडासा. ट्रिपलेटच्या (तीन-तीनच्या गटातल्या) पळत्या स्वरांवर अजिबात नाही. स्वराला जीव बोने द्यायचा. लिओपोल्ड मोत्सार्टचंच आणखी एक म्हणणं मला फार उपयोगी पडलं: प्रत्येक स्वराच्या आरंभी एक अगदी बारीक, जेमतेम ऐकू येणारा मऊपणा असतो. उघड्या तारेवर फक्त हेच करून बघा, डाव्या हाताला पूर्ण सुट्टी देऊन.

आणि शक्य असेल तर एकदा तरी बरोक बो हातात घ्या. त्याची काडी बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेली किंवा सरळ असते, टोक हलकं असतं. डाउन बो टोकाकडे जाताना आवाज आपोआप विरतो. आजचा आत वाकलेला बो अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्स्वा तुर्तने रुळवला आणि तो टोकापर्यंत सारखा आवाज देण्यासाठीच आहे. बाखने लिहिताना गृहीत धरलेला बो वेगळा होता हे हाताला कळलं की ‘जड-हलका’ हा नियम पाठ करावा लागत नाही.

स्पष्ट_मत

जुनीतार, तुमच्या लिखाणातली आस्था पोचते, पण इथे एक धोका दिसतो. शिकणाऱ्याला वाटायला लागतं की आतड्याच्या तारा, ४१५ची पट्टी (ए स्वर ४१५ हर्ट्झवर, आजच्यापेक्षा खाली) आणि खास बो असल्याशिवाय बाखला हात लावू नये. बाख स्वतः वाद्याला इतका चिकटून नव्हता. हाच कॉन्चेर्टो त्याने हार्पसिकॉर्डसाठी उतरवला, एक पूर्ण स्वर खाली, जी मायनरमध्ये (बीडब्ल्यूव्ही १०५८). दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या सुरात, आणि तरी तो तोच राहतो. चांगल्या आधुनिक व्हायोलिनवर, सिंथेटिक तारांवर, भरदार आवाजात वाजवलेला बाखही मला अस्सल वाटतो. विसाव्या शतकातल्या मोठ्या वादकांनी अँदान्ते ज्या लांब श्वासाने गायलंय ते टाकून द्यायची माझी तयारी नाही.

जुनीतार

टाकून द्या असं मी म्हणणार नाही, ती रेकॉर्डिंग्ज मीही ऐकतो. खास बो नसला तरी चालतं, तेही लिहायला हवं होतं. आहे तोच बो फ्रॉगपासून (हातात धरायच्या टोकापासून) थोडा वर, दांडीवर धरा. टोकाकडचं वजन कमी होतं, बो छोटा आणि चपळ होतो. रियाजापुरता असा धरायचा आणि मग नेहमीच्या जागी येऊन तीच हालचाल शोधायची. खर्च काही नाही.

लांब श्वासाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अँदान्तेमध्ये लांब श्वास बासकडे आहे. वरचं व्हायोलिन लहान लहान वाक्यांत बोलतं. वरही सलग लांब रेघ ओढली तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

मंद्र

चेलोवाला आलो. अँदान्तेचा बास मी बऱ्याच जणांबरोबर वाजवलाय, त्यामुळे जुनीतार यांना अनुमोदन. आमच्याकडे एकच आकृती पुन्हा पुन्हा येते, एट्थ नोट्सचे (अर्ध्या ठोक्याचे) ठोके, मूव्हमेंटभर. आम्ही हललो तर सगळं कोसळतं, म्हणून आम्ही हलत नाही. व्हायोलिनने मात्र हलावं. वरचे ट्रिपलेट आमच्या प्रत्येक ठोक्यावर चिकटवून वाजवणारे वादक भेटतात, तेव्हा ती जागा तालाच्या व्यायामासारखी होते. वाक्याच्या सुरुवातीला जरा रेंगाळा, मग पुढे सरका, ठोक्याला भेटा. आम्ही तिथेच आहोत.

आता जी शार्प. याला एक उत्तर नाही आणि का नाही ते सांगतो. तो कुठे आहे ते बघा. ए कडे चढत जाणाऱ्या सुरावटीत असेल तर व्हायोलिनवाल्यांचा कान त्याला वर ओढतो, आणि एकट्याने वाजवताना ते छान वाटतं. पण खाली बासमध्ये ई धरलेला असेल तर तोच जी शार्प ई मेजरचा तिसरा स्वर असतो. शुद्ध तिसरा स्वर पियानोवरच्या स्वरापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. तिथे वर ओढलेला जी शार्प बाससोबत टोचतो. म्हणून पळत्या सिक्स्टीन्थमध्ये वर चालेल, कॅडेन्सवर (वाक्याच्या शेवटी) थांबलात की खाली या.

याहून मोठी गंमत उघड्या ई तारेची आहे. अँदान्ते सी मेजरमध्ये आहे. माझी सर्वांत खालची तार सी, तुमची सर्वांत वरची ई. आपण दोघांनी सगळ्या तारा अगदी शुद्ध पंचमात लावल्या तर सी, जी, डी, ए, ई असं चढत चढत तुमची ई माझ्या सी शी जुळणाऱ्या शुद्ध तिसऱ्या स्वरापेक्षा सुमारे २२ सेंट वर जाऊन बसते. एकेक पंचम निर्दोष आणि शेवटी सी-ई ऐकवत नाही. यावर दोन उपाय आहेत. सगळे पंचम केसभर आखूड लावायचे, बरोक वाद्यवृंद बहुधा तसंच करतात. किंवा अँदान्तेमध्ये ज्या ई वर थांबायचंय तो ए तारेवर चौथ्या बोटाने घ्यायचा, म्हणजे तो हलवता येतो. ट्यूनरचे चार हिरवे दिवे लागले म्हणून सूर लागला असं समजू नका.

तारसप्तक

मंद्र, हे लाख मोलाचं आहे. अँदान्तेमध्ये एकट्याने वाजवताना जो ई बरोबर वाटतो तोच साथीला कुणी असलं की वर का वाटतो, याचं कारण आता मिळालं. आखूड पंचम आजपासून लावून बघतो.

स्पष्ट_मत, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. ४१५ म्हणजे आजच्या ४४०पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली, आणि माझ्या सिंथेटिक तारा तिथे उतरवल्या की सैल पडतात, बोला पकड मिळत नाही. त्यामुळे मी ४४०वरच आहे. तरी बो वर धरण्याचा उपाय करून बघणार, कारण माझी अडचण आवाजाच्या रंगाची नसून वजनाच्या वाटणीची आहे.

पहिल्या मूव्हमेंटसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला रियाजही लिहून ठेवतो. एकल भागातल्या सिक्स्टीन्थ नोट्समध्ये बाखने एकाच ओळीत दोन-दोन आवाज लपवलेले असतात. खालचे स्वर वेगळे काढले की त्यांची स्वतंत्र सुरावट निघते, वरचे काढले की दुसरी. मी आधी फक्त खालचे स्वर, लांब लांब, वाजवतो. मग फक्त वरचे. मग सगळं लिहिल्याप्रमाणे, पण खालच्या आवाजाला किंचित जास्त वेळ देऊन. त्यानंतर कुठे वाढायचं आणि कुठे उतरायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही. एकच आकृती तीन-चार वेळा पायरीपायरीने उतरते तेव्हाही प्रत्येक पायरी सारखी वाजवून चालत नाही. सूर कुठल्या दिशेने चाललाय ते बासकडे बघून ठरवायचं. मेट्रोनोम ठोक्याला न लावता मापाला एक असा लावतो, म्हणजे मधला दुसरा ठोका आपोआप हलका राहतो.

नवी_वाट

बासची ओळ व्हायोलिनवर वाजवून बघितली तर चालेल का? माझ्याकडे साथीला कुणी नाही.

मंद्र

चालेल नाही, कराच. बासचा भाग एक किंवा दोन सप्तक वर घेऊन वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यावर स्वतःचा भाग वाजवा. तयार साथीचे ट्रॅक मिळतात, पण त्यांचा वेग कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेला असतो. स्वतः बास वाजवला की कळतं तो कुठे थांबतो आणि कुठे ढकलतो.

स्पष्ट_मत

ट्रिलबद्दल (शेजारच्या दोन स्वरांची जलद अदलाबदल) कुणीच लिहिलं नाही. वरच्या स्वरापासून सुरू करायची हे सगळे सांगतात. पण तो वरचा स्वर ठोक्यावर यायला हवा, ठोक्याच्या आधी नव्हे. त्या वरच्या स्वराची बाससोबत जी टक्कर होते तीच ट्रिलची चव आहे. मी विद्यार्थ्यांना आधी ट्रिल न करता फक्त वरचा स्वर, मग लिहिलेला स्वर, असं संथ वाजवायला लावतो. टक्कर कानाला आवडायला लागली की बोटं हलवायला सांगतो.

ओघ

+१. आता राहिलेला बॅरिओलाज.

त्या जागेत ई तार उघडी वाजत राहते आणि तिच्या खालच्या बाजूला बोटांनी घेतलेले स्वर सरकत जातात. ताल ९/८, म्हणजे मापात तीन मोठे ठोके आणि प्रत्येकात तीन. शिकणाऱ्याचा हात इथे प्रत्येक तार-बदलाला कोपर वरखाली करतो आणि थोड्याच वेळात दंड भरून येतो.

पहिल्यांदा उघडी ई पूर्ण गाळा. सरकणारे स्वर एकटे, सुरावट म्हणून, गाण्यासारखे वाजवा. ऐकणाऱ्याला तीच सुरावट ऐकू यायला हवी, उघडी तार फक्त मागे चमकत राहते. मग दोन तारा एकत्र, जोडस्वर म्हणून, संथ आणि लांब बोने. असं करताना कोपराची उंची कुठे आहे ते बघा, ती दोन तारांच्या बरोबर मध्ये असते. कोपर तिथेच ठेवायचं. आता जोडस्वर सुटे करा, पण बदल फक्त मनगट आणि बोटांतून. बो तारांच्या इतका जवळ की बदल डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. बोची लांबी अगदी थोडी, जागा मध्याच्या आसपास.

तीन मोठ्या ठोक्यांपैकी पहिल्यालाच वजन द्या. उघडी ई स्वभावतःच मोठी वाजते, म्हणून ती येते तेव्हा हात आणखी हलका. आणि तिसऱ्या मूव्हमेंटचा वेग या जागेवरून ठरवा. सुरुवात फ्यूगसारखी आहे, एकेक वाद्य तोच विषय घेऊन आत येतं, आणि ती ऐकताना खूप वेगात जावंसं वाटतं. पण ज्या वेगात तुमचा बॅरिओलाज स्पष्ट राहतो तोच वेग पहिल्या मापापासून घ्यायचा. हा जीग आहे, नाचाचा ताल आहे, पाय उचलायला वेळ लागतो.

तारसप्तक

ओघ, जोडस्वरापासून सुरुवात ही कल्पना लगेच वापरतो.

मंद्र, एक विनंती. अँदान्तेचा बास तुम्ही रेकॉर्ड करून इथे टाकू शकाल का? मेट्रोनोमशिवाय, तुमच्या मनाप्रमाणे. इथल्या बऱ्याच जणांना त्यावर वाजवता येईल.

मंद्र

आनंदाने. एट्थ नोटला ६०च्या आसपास ठेवतो, ट्रिपलेटना जागा मिळेल. सुरुवातीला मोकळी सी तार थोडी धरून ठेवीन, तिच्याशी आपली ई जुळवून घ्या आणि मगच सुरू करा.